व्हॅनमधली शेगडी

विराट,

तू आंघोळीला वर येशील म्हणून चिठ्ठी तुझ्या टॉवेलात ठेवतोय. पहाटे मी व्हॅनची काच ठोकत होतो, तू बराच वेळ उठलाच नाहीस. आत गॅसची शेगडी पेटलेली आणि काचा सगळ्या बंद. शेगडी मी काढून घेतली आहे. गाडीच्या बॅटरीवर हीटर रात्रभर चालत नाही. वेगळी बॅटरी चार्ज करून ठेवली आहे, तिच्यावर फक्त इलेक्ट्रिक ब्लँकेट लाव. काच दोन बोटं खाली ठेव.

तू चंदनाशी लग्न करणार म्हणालास त्यावरून मी तुला जे बोललो, त्यामुळे तू घरात झोपत नाहीस. ते शब्द मला अजून मागे घेता येत नाहीत. मी चिकपेटला दुकानात आहे, रात्रीच येईन. तोवर आईजवळ बसून जेव. तिला शेगडीचं सांगितलेलं नाही.

अण्णा