बिनफितीचा झगा

पात्रेक्सफ्योर्दुर
४ मार्च

आई,

बरी आहेस ना? गुडघा काय म्हणतो? इथं वारा थांबत नाही. घाटातला रस्ता बर्फानं बंद आहे. हावर्दुर मासेमारीच्या बोटीवरच. बाप झाला तरी फोन करतो, हवामान सांगतो आणि ठेवतो.

बाळ छान आहे. दूध दाबून पितं. दुपारी दाराबाहेर बाबागाडीत झोपवते, तू आम्हाला झोपवायचीस तसं. फक्त गाडीचा टप खाली ओढून ठेवते. काल फॅक्टरीतून मासे कापून बायका घरी चालल्या होत्या, थांबल्या. बारशाआधी नाव कुणी विचारत नाही, ते बरंय. पण ग्रोआ मावशी म्हणाली, "नाव ठेव पोटात, पण दुपट्यात काय आहे ते तर सांग! मुलगा की मुलगी?" सगळ्या हसल्या. मीपण हसले. आत येऊन रडले.

फोनवर तूही तेच विचारतेस. मी म्हणते बाळ उठलं, आणि ठेवते. बाळ झोपलेलं असतं, आई.

म्हणून लिहितेय. मला धड लिहिता येत नाही, समजून घे. रेक्याविकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगा की मुलगी ते आत्ता सांगता येत नाही. शरीरच तसं मधलं आहे. आजारी नाही, ठणठणीत आहे. अशी मुलं जन्मतात म्हणे. घाई करू नका, मोठं झालं की ते आपलं आपण सांगेल. हावर्दुरनं ऐकलं. घरी आलो तसे बूट चढवले आणि बोटीवर गेला.

तुला मुलाला बाबांचं नाव हवं होतं, मुलीला आजीचं. दोन्ही जमत नाही गं. मी ब्लैर ठरवलंय. म्हणजे मंद वारा. मुलांचंही असतं, मुलींचंही. बोट काढायच्या आधी बाबा उंबऱ्यात उभे राहून गालावर वारा घ्यायचे, आठवतं? बारशाआधी नाव फोडू नये, माहितीये मला. पण एकटीला पेलत नाही आता.

रस्ता उघडला की ये. पाद्रीबाबा नाव विचारतील तेव्हा बाळ तुझ्या हातात असू दे. नाव तू सांग. आवाज कापला तरी चालेल. आपल्या घरातला बारशाचा लांब पांढरा झगा आण. दादाच्या वेळी निळी फीत लावलीस, माझ्या वेळी गुलाबी. या वेळी फीत लावू नकोस. नुसताच आण.

खिडकीतून घाट दिसतो. तिकडेच बघत असते.

तुझी सोलरून
आणि ब्लैर