एका खुर्चीपायी गेलेली रांग

आदरणीय व्याही,

नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का? माझा खोकला आहे तसाच आहे. तो आता घरातलाच एक झाला. विहीणबाईंनाही नमस्कार सांगावा.

गुडघ्यामुळे नाटकाला येणार नाही असं तुम्ही कळवलंत, म्हणून तुमची खुर्ची रद्द करायला मी कॉम्प्युटरपुढे बसलो. (नाट्यगृहाची वेबसाइट तुमच्या लेकीच्याच कंपनीची, म्हणजे घरचंच काम; त्यामुळे जरा ऐटीतच बसलो.) गल्लीतल्या सगळ्यांसाठी मीच अख्ख्या रांगेची तिकिटं काढली होती. त्यातली तुमची एक खुर्ची निवडली, 'रद्द' दाबलं, आणि सगळी रांग गायब. शेजारचे दातांचे डॉक्टर सहकुटुंब येणार होते. तेव्हापासून त्यांनी मला स्वतःचे दात दाखवलेले नाहीत.

सूनबाईंनी ऑफिसात फोनवरून कळवलं. तिचे साहेब म्हणाले, वयस्कर माणसं काहीही दाबतात. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "माझे सासरे एकच बटण दाबतात, तेही चष्मा पुसून." (व्याही, मी दाराआडून ऐकत होतो. पोटच्या पोरानं माझी अशी बाजू कधी घेतली नाही.)

मग ती बाहेरच्या खोलीत ठाण मांडून बसली. सहकारी ब्राउझरवर खापर फोडत होते. तिनं एकेक ओळ वेगळी करून तपासली आणि चोर पकडला. मला समजावलं ते असं: रांगेच्या आत 'निवडलेली' या खुणेखालची खुर्ची शोध, एवढाच हुकूम होता. पण कॉम्प्युटर ती खूण रांगेच्या बाहेरही बघतो, आणि ती खूण अख्ख्या रांगेवरही होती, म्हणून प्रत्येक खुर्ची निवडलेलीच ठरली. मी म्हटलं, म्हणजे घरात जाऊन सुनेची छत्री आण म्हणावं, तर घरातली प्रत्येक बाई कुणाची ना कुणाची सूनच. ती म्हणाली, "बाबा, अगदी हेच." तिनं हुकमात एकच शब्द वाढवला: खूणसुद्धा आतच बघ. रांग परत मिळाली. साहेबांनी स्वतः फोन करून माझी माफी मागितली, आणि मी ती सावकाश दिली.

लेकीला असं घडवल्याबद्दल तुम्हा दोघांचे आभार.

आपला,
व्याही

ता. क. ऑफिसात तिला आता तिच्या गटाची प्रमुख करतायत. दोन्ही घरी विचारून सांगते, म्हणाली. आमच्याकडून होकार गेला. तुमचा फोन आला की 'घरचं कोण बघणार' हे वाक्य तेवढं गिळावं. घरचं मी बघतो.

ता. क. २. पत्र तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "बाबा, ती चुकीची ओळ मीच लिहिली होती." साहेबांना तिनं ते चूक सापडली त्याच दिवशी सांगितलंय. वरचं एकही अक्षर मी खोडत नाही.