पुजाच्या पायथ्याशी

९ फेब्रुवारी २००४, आखाडा बाळापूर
आज रुजू झाले. नर्सच्या नोकरीचा पहिलाच दिवस! खोली दवाखान्याच्या मागेच आहे. खिडकीतून शिजवलेल्या हळदीचा वास येतो. इथल्या आया शकुंतलाबाई भाकरी-ठेचा घेऊन आल्या आणि लगेच मला 'लेकी' म्हणू लागल्या. बाजारातून बादली आणि छोटा आरसा आणला. फार बरं वाटतंय.

१० फेब्रुवारी
तांड्यावरची पुजा भरती झाली. पाच वर्षांची. जन्मापासून पित्तनळ्या बंद. तान्ही असताना मुंबईला ऑपरेशन करून आतडं थेट यकृताला जोडलं होतं. आता तिथंच संसर्ग झालाय. डोळे पिवळे, दुपार झाली की हुडहुडी भरून ताप. डॉक्टर म्हणाले, औषधानं उतरला नाही तर नांदेडला नेऊन यकृतात साठलेला पू काढावा लागेल. तिचा बाप थावरा ऐकेना. पुन्हा लेकराचं पोट फाडू देनार न्हाई, म्हणाला.

१२ फेब्रुवारी
ताप हटत नाही. आजी भिकाबाई सांगते, हुडहुडीच्या आधी पुजाच्या पायथ्याशी कुणीतरी येऊन बसतं. मी हसण्यावारी नेलं. दुपारी मात्र डोळ्यांनी बघितलं. पायथ्याची गादी हळूहळू खाली दबली. तिथं कुणी नव्हतं. मग पुजाचे दात वाजू लागले.

१३ फेब्रुवारी
आज त्या जागेवर मीच आधी जाऊन बसले. पुजाला हुडहुडी आली नाही. मला आली. पाठीला काहीतरी गार टेकलं होतं —
थावराला पुन्हा विनवलं. पोरगी हातची जाईल म्हटलं. तो म्हणाला, "सिस्टर, तुमी संगं येता का? मंग नेतो."

१४ फेब्रुवारी
नांदेड. जीपमध्ये पुजाच्या पायाशीच बसले. वारंगा फाट्याला सगळे चहाला उतरले, मी जागा सोडली नाही. सारखी कापत होते.
ऑपरेशन झालं. नळीतून पू येतोय. मागून हिरवं पित्तही.

१६ फेब्रुवारी
पुजाचा ताप गेला. तिनं पेज मागितली. थावरा माझ्या पाया पडला.
मला उठवत नाही.

१७ फेब्रुवारी
ते गेलं नाही. पुजाला सोडलं, एवढंच —
आत्ता तिनं विचारलं, "ताई, तुमच्या मांडीवर कोन बसलंय?"
मी खाली बघत नाही. मांडी जड — गार — आता ते वर