पाच आठवड्यांची वजनं

प्रिय ठमे,

अक्षर वाकडंतिकडं दिसेल, सांभाळून घे. उजव्या हातात सलाईनची सुई आहे आणि कागद मांडीवर तिरपा धरलाय. काल तुझा फोन आला तेव्हा मी झोपलोय असं सिस्टरनी तुला सांगितलं. मी झोपलो नव्हतो. हे फोनवर बोलणं जमणार नाही, म्हणून डोळे मिटून पडून राहिलो.

तब्येतीचं म्हणशील, तर आतड्याचा तुकडा कापून काढला त्याला आता तीन महिने होतील. नंतर पोटात काही टिकेना, म्हणून मी आपल्याच डोक्यानं तेल, लोणी सगळं बंद केलं. भाजीवर तवंग दिसला की ताट परत. माझा हट्ट तुला ठाऊक आहे, थोडा तुझ्याही वाट्याला आलाय. मग पायांची कातडी सुटायला लागली. चादर झटकली की पांढरा भुगा पडायचा. असा भुगा मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तुझ्या धाकट्या भावाच्या गादीवर.

इथं एक आहारतज्ज्ञ बाई आहेत, तुझ्याच वयाच्या, फटकळ. त्यांनी मला चांगलंच झापलं. काही तेलं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, म्हणाल्या, ती खाण्यातूनच यावी लागतात. ती मिळाली नाहीत की पित्त नीट तयार होत नाही, आणि पचलेली चरबी गोळा करून पुढं रक्तात पाठवणं आतड्यालाही जमत नाही. मग खाल्लेली चरबी तशीच बाहेर पडते. माणूस घाबरून आणखी तेल तोडतो आणि आणखी खंगतो. मी खालमानेनं ऐकत होतो. त्यांना वाटलं, म्हातारा वरमला.

धाकट्याचं पित्त जन्मापासूनच नीट वाहत नव्हतं, हे तुला माहीत आहे. त्याची शी तेलकट व्हायची, म्हणून डॉक्टरांनी तेलकट कमी द्या असं सांगितलं होतं. कमी म्हणाले होते, ठमे. बंद मी केलं. तुझी आई दुधावरची साय काढायची, मी ते पुन्हा फडक्यातून गाळायचो. आपल्या वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानातला एक चांगला काटा घरी आणून दर रविवारी त्याला त्यावर उभं करायचो आणि वहीत वजन लिहायचो. आलेल्या गिऱ्हाइकाला मी छाती काढून सांगायचो की माणूस थापा मारेल, काटा नाही मारणार. पाच वर्षांचं पोर आणि वजन अकरा किलो. काटा मला दर रविवारी तेच सांगत होता.

मग पाच रविवार वजन वाढलं. थोडं थोडं, पण दर वेळी. सहाव्या आठवड्यात तुझी आई गादी उन्हात टाकायला गेली आणि खालून सूर्यफुलाच्या बियांची मूठभर सालं निघाली. तू शाळेतून येताना फ्रॉकच्या खिशातून बिया आणायचीस आणि सोलून, चावून बारीक करून त्याला भरवायचीस, चिमणी पिल्लाला भरवते तशी. नेमकं त्याच दिवशी त्याचं पोट दुखत होतं. मी तुझ्या हातावर फटका मारला आणि म्हणालो, "तूच मारशील त्याला." त्या संध्याकाळी वहीतल्या पाचही आकड्यांवर काट मारून मी समोर लिहिलं की काटा चुकतोय.

चार महिन्यांनी साध्या तापानं तो गेला. त्यानंतर घरात कुणी तुला दोष दिला नाही, कारण देऊन झाला होता. तू मात्र कधी कुणाला हातानं घास दिला नाहीस. आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तू तिचं सगळं केलंस, पण भरवायला बाई ठेवलीस. नातेवाइकांनी नावं ठेवली. मी ते ऐकून घेतलं.

मागच्या आठवड्यात शेजारच्या दुकानातल्या शिंप्याला सांगून मी ती वही घरातून मागवली. मग आहारतज्ज्ञ बाईंना, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाची गोष्ट सांगतोय असं भासवून, बियांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "तेवढ्यानं तो वाचला असता असं मी म्हणणार नाही. पण त्यानं तो गेला नाही, एवढं नक्की."

जावईबापू परवा भेटायला आले होते. आपली नात आता वरणभाताचे मऊ घास खायला लागली, असं कौतुकानं सांगत होते. सहज बोलून गेले, "भरवायचं काम माझ्याकडे, ही वाटी पुढं सरकवते आणि खोलीबाहेर जाते." ते हसत होते. म्हणून हे पत्र. एक गोष्ट मी तुझ्या आईलाही कधी सांगितली नाही. सालं सापडली त्याच दुपारी, वहीत काट मारायच्या आधी, मी तो काटा दुकानात नेला होता. पितळी वजनं एकेक ठेवून तपासला. बिनचूक होता. म्हणजे तुझ्या बिया त्याच्या अंगी लागत होत्या आणि माझं फडकं त्याला उपाशी ठेवत होतं, हे मला त्या दुपारीच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. मला ते सोसवलं नाही. तू नऊ वर्षांची होतीस, उलट बोलणार नव्हतीस, म्हणून ते तुझ्या अंगावर टाकलं. सोमवारी माझं पोट पुन्हा उघडणार आहेत, त्याआधी हे तुझ्या हाती पडावं. वही सोबत आहे. ते पाच आकडे मी पुन्हा नीट लिहिलेत आणि तपासलेल्या काट्यावर करायचो तशी खाली सही केलीय. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. तू फक्त आज लेकीला तुझ्या हातानं भरव.

तुझाच,
बाबा