विलायती कापडाला चहा नाही

सोमवार, १४ एप्रिल १९३०

पाटी लागली एकदाची! हे सकाळी प्रभातफेरीला गेले ते विलायती कापडावर बहिष्काराची शपथ घेऊनच घरी आले. अंघोळ नाही, न्याहारी नाही — आधी फळी शोधायला लागले. माझ्या पोळपाटावर डोळा होता. म्हटलं, हात लावून तर बघा! शेवटी चहाच्या खोक्याची फळी उचकटली आणि चुन्याने लिहिलं: 'अंगावर विलायती कापड असेल त्यास या हॉटेलात चहा मिळणार नाही.' अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून खाली 'रागावू नये' एवढं मीच लिहून दिलं.

म्हटलं, गिऱ्हाईक हाकलायचा धंदा कुठे पाहिला आहे का? तर म्हणतात, 'दुकान मन्हं शे, चहा मन्हा शे. कोनले देवाना नि कोनले नही ते मीच ठरावसू.' नंदुरबार स्टेशनासमोर हॉटेल मांडून बसलेला माणूस! गाडीतून उतरणारा दर दुसरा विलायती कापडातला. मग चहा पिणार कोण — इंजिन?

पण पाटी लावून झाल्यावर रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि मान वाकडी करून बघत उभे राहिले. मला हसू आलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा माझ्याकडे असेच बघत होते.

शुक्रवार, १८ एप्रिल

गंमत चालली आहे नुसती. मालधक्क्यावरचा बाबू आला, अंगात विलायती कोट. यांनी हात जोडले, पाटी दाखवली. तो म्हणाला, 'छगनभाऊ, कोट विलायती शे, पन मी त देशी शे ना!' हे म्हणाले, 'मग देशी आत या, विलायती भाईर ऱ्हाऊ द्या.' बाबूने कोट काढून समोरच्या कडुलिंबाला टांगला आणि आत येऊन नुसत्या बंडीवर चहा प्यायला. आता सगळे तेच करतात. दुपारी बघावं तर कडुलिंबाला कोटच कोट!

काही जण शिव्या देऊन जातात. एक वकिलाचा कारकून म्हणाला, कायद्याने असं कोणाला चहा नाकारता येत नाही. दुसरा म्हणाला, येतो. दोघे तासभर भांडले आणि दोघांनाही चहा मिळाला नाही — दोघांची धोतरं विलायती.

नवापूरकडचा चिंधा टोपल्या घेऊन आला होता. कमरेला लंगोटी, बाकी उघडा. नेहमीसारखा बाहेर उकिडवा बसला. हे म्हणाले, 'चिंध्या, भाईर काब्रं बसना? तुन्हा आंगवर विलायती काय शे? ये, बाकवर बस.' तो बसेना. हाताला धरून बसवलं. मी आतून बघत होते. आजपर्यंत लंगोटीवाल्याला आमच्या बाकावर कोणी बसू दिलं नव्हतं — आम्हीसुद्धा नाही. त्यासाठी कधी पाटीही लावावी लागली नव्हती. लाज वाटली मला. चिंधा चहा प्यायला, पण बाकाच्या अगदी कडेला बसून.

मंगळवार, २२ एप्रिल

काय करून बसले हे! 

रनाळ्याचे व्याही आले होते, रतिलालभाऊ. आमच्या रेवाचे सासरे. तिला सातवा लागला आहे. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकीबाळी माहेरी येतात, त्याच वेळी तिला आणून सोडतो, बाळंतपण तुमच्याकडेच — हे सांगायला एवढ्या उन्हात गाडी जुंपून आले. सोबत कैऱ्यांची टोपली. आणि डोक्यावर तो लाल फेटा.

तो फेटा आमचाच! लग्नात व्याह्यांना आम्ही बांधलेला. विलायती मलमल, जरीचा पदर. ज्याचा आहेर त्याच्या दारी मिरवत जावं ही आमच्याकडची रीत. बिचाऱ्या माणसाने आमचा मान म्हणून तो जपून ठेवलेला फेटा बांधला, आणि येऊन बसले दुकानात बाकावर. दुकान भरलेलं. फेरीतली सगळी मंडळी बसलेली.

मी आत आधण ठेवलं, आलं ठेचलं. बाहेर बघते तर हे हात जोडून उभे! 'याही, मांगे घरमा चला. घर तुम्हनंच शे. दूध प्या, जेवा, ऱ्हा. पन दुकानमा चहा देता येवाव नही. पाटी शे.'

व्याह्यांनी पाटी बघितली. मग यांच्याकडे बघितलं. 'दुकानना छगन येगळा नि घरना छगन येगळा शे का?' बस्स, एवढंच. उठले, गाडीत बसले, गेले. मी व्याह्यांसमोर कशी जाणार? दाराआडून 'अहो थांबवा, थांबवा' करत राहिले. कैऱ्यांची टोपली बाकाखाली तशीच.

रविवार, २७ एप्रिल

माझा भाऊ मुऱ्हाळी म्हणून रनाळ्याला गेला, रेवाला आणायला. आज संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत आला. व्याह्यांनी जेवू घातलं, बैलांना चारा घातला, आणि एवढंच म्हणाले — 'ज्या दुकानमा मन्हा फेटाले जागा नही, तथं मन्ही सून जावाव नही.'

रेवा भिंतीआड रडत होती म्हणे. सातवा संपला की आठव्यात कोणी बाईला गाडीत बसवत नाही. मग नववा, तेव्हा तर नाहीच. म्हणजे आता नाही तर पहिलं बाळंतपण तिकडेच. तीन पोरं मातीत घातली मी, त्यानंतरची ही एक उरलेली. तिच्या कळांच्या वेळी मी इथे चहाचं आधण बघत बसू?

गुरुवार, १ मे

आखाजी. गल्लीतल्या सगळ्या लेकी आल्या. झोके बांधलेत, गाणी चालली आहेत. शेजारची तुळशीबाई सांजोऱ्या घेऊन आली, विचारते, 'रेवा नही उनी का वं?' म्हटलं, तब्येत बरी नाही तिची. असं बोलू नये, पण बोलले.

आमरस केला. दोघांनीही टाकला.

शनिवार, ३ मे

आज यांच्याशी एक शब्द बोलले नाही. यांनीही विचारलं नाही, का बोलत नाहीस म्हणून.

मंगळवार, ६ मे

शेवटी तोंड सुटलं माझं. म्हटलं, तो फेटा कोणाचा होता माहीत तरी आहे का? स्वतःच्या हाताने बांधलात व्याह्यांच्या डोक्याला!

हे म्हणाले, 'माहीत व्हतं. बघताच वळखा. मीच सुरतथून आनेल शे.'

मी थक्कच! म्हटलं, ओळखून हाकललंत? तर खाली बघून कप पुसत राहिले. मग म्हणाले, बाबूचा कोट झाडाला टांगायला लावला, वकिलाच्या कारकुनाला उठवलं, आणि माझ्या व्याह्याचा फेटा चालवून घेतला — तर ती पाटी कसली? ती नुसती दुसऱ्यांसाठी लावलेली ठरते.

खरंच आहे ना तेही. खरं आहे म्हणून तर जास्त राग येतो. लबाड नवरा असता तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. म्हटलं, मग माफी मागायला जा. तर म्हणाले, 'चूक नही करी त माफी कसानी?' आणि डोळे भरलेले! रेवाचं नाव निघालं की यांचे डोळे असे होतात, आणि म्हणे चूक नाही. मी भाकरी थापायला उठले. त्यांना लागते तशी कडक भाजून दिली. राग आपल्या जागी, भाकरी आपल्या जागी.

गुरुवार, ८ मे

देवा, असा दिवस वैऱ्यालाही दाखवू नको.

दुपारी पाणी शेंदत होते. रस्त्यावरून छताची गाडी येताना दिसली. बैल रनाळ्याचे — ओळखले. हाकायला व्याही स्वतः. आणि डोक्यावर काही नाही! उघडे बोडखे!

या वयाचा माणूस बोडखा कधी निघतो? घरातलं माणूस गेलं तरच ना! माझ्या हातातून दोर सुटला. पुढचं मला नीट आठवत नाही. पदर नाही, व्याही नाही, गिऱ्हाइकं नाहीत — धावत दुकानात शिरले आणि यांच्या छातीवर बुक्क्या मारत ओरडले, 'तुमनी पाटीनी मन्ही पोर खादी! मन्ही रेवा खादी!' हे गाडीकडे बघत होते. बोडखं डोकं यांनीही बघितलं होतं. तिथेच जमिनीवर बसले. अख्ख्या दुकानात कोणी हलेना.

आणि गाडीच्या छतातून आवाज आला — 'माय! काय झाये वं? काब्रं रडी ऱ्हायनी?'

रेवा! गोधडीवर बसलेली, घामाघूम, एवढं पोट घेऊन. जिवंत माझी पोर! मी तिला धरलं ते सोडलंच नाही.

व्याही खाली उतरले. अंगात जाडीभरडी देशी कोपरी, कमरेला पंचा. सरळ दुकानात जाऊन बाकावर बसले आणि यांच्याकडे बघत राहिले. हे उठले. चहा ओतून पुढे ठेवला, अर्धा बशीतच. व्याह्यांनी फुंकून फुंकून प्यायला. म्हणाले, 'चहा बेस शे.' मी म्हटलं जेवून तरी जा, दाराआडून. 'गाडी परत न्यावानी शे,' म्हणाले आणि निघाले.

रेवा दमून झोपली आहे. हे मात्र धुमसत आहेत. 'याहीनी दाव साधा. गर्भार पोरले बोडखानी आनं, अपशकुन करीसन गया! वरतून सांगस, चहा बेस शे!' आज माझंही तेच मत. सूड घ्यायचा तर माझ्यावर घ्या, यांच्यावर घ्या. पोटुशीच्या पुढ्यात बोडखं डोकं? आईच्या काळजाचं काय झालं असेल याचा विचार नाही? दोन शिव्या मीही घातल्या. पोर घरात आहे, म्हणून झोप तरी लागेल.

शुक्रवार, ९ मे

सकाळी रेवाच्या केसांना तेल लावत होते. म्हटलं, तुझ्या सासऱ्याला शोभलं का हे? ती माझ्याकडे बघतच राहिली.

म्हणाली, 'माय, मामंजीसनी पेटी उलटी करी. देशी पंचा व्हता, कोपरी व्हती, पन डोकाले देशी कापड काही नही. कोष्टीकडे फेटा विणाले टाका, तो म्हने पंधरा दिन लागतीन. तवलग मन्हा सातवा सरी जाता.' सासूबाई दारात आडव्या आल्या, असं बोडखं जाऊ नका म्हणून. तर म्हणाले, 'छगनना दुकानमा पाटी शे. ती मी काब्रं मोडू?'

आणि वाटेतल्या गावागावात लोकांनी गाडी थांबवली. बाया रडायला लागल्या. 'कोन गयं, रतिलालभाऊ?' प्रत्येक गावी बैल थांबवायचे आणि सांगायचे — 'कोनी नही गयं. याहीकडे चहा पेवाले जाई ऱ्हायनू.'

हे दारात उभे होते. सगळं ऐकलं. कधी आले कळलंच नाही. डोक्यावरची टोपी काढली, खुंटीला टांगली आणि भरलेलं दुकान तसंच टाकून रनाळ्याच्या रस्त्याला लागले. पायी. बोडखे.

तुळशीबाई ओट्यावरून धावत आली. छाती धरून विचारते, 'कोन गयं वं मंगला?'

मला हसू येत होतं आणि डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. म्हटलं, 'कोनी नही गयं. याहीकडे चालनात.'