चालू घडामोडींची पोथी

येरमाळा,
श्रावण, सोमवार

तीर्थस्वरूप रणधीर दाजींच्या चरणी धाकटा मेहुणा बब्रुवान याचा शिरसाष्टांग नमस्कार. येडाई देवीच्या कृपेनं इकडं सगळे धड आहोत. तिकडं तुम्ही, अक्का आणि तुमचा डावा गुडघा, तिघांची खुशाली कळवावी. गुडघ्याला अक्का निर्गुडीचा पाला बांधते म्हणाली, तो बांधू द्यावा. उपयोग होईल न होईल, पण बांधताना ती बोलत नाही, तेवढा तुम्हाला आराम.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं असं आहे दाजी, की फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'व्हय दाजी' म्हणतो. परवाही तेच झालं. राखीपौर्णिमेनंतरच्या रविवारी दीपमालाला बघायला पाहुणे आणतो असं तुम्ही म्हणालात, मी 'व्हय दाजी' म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर मला आठवलं की मला दुसरंच काही सांगायचं होतं. कागदावर तुम्हाला मधे बोलता येत नाही (राग मानू नये, हा कागदाचा गुण सांगितला).

दीपमालाचं तुम्हाला ठाऊकच आहे. राज्यसेवेची दोनदा पूर्व परीक्षा पार केली, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिली. दसऱ्याच्या तोंडावर तिसऱ्यांदा बसायचं होतं, तर डोळा बिघडला. पुण्यात लहानसं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर पुस्तक नाही, मोबाईल नाही असं बजावून, काळा चष्मा लावून घरी धाडलं. पोर आली ती भिंतीकडं तोंड करून निजली. तुमच्या पाहुण्यांचं कानावर घातलं तेव्हा भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "येऊ द्या आप्पा." तुम्ही त्याला होकार समजलात. मीही समजलो असतो. पण आपली म्हैस आजारी असली की वैरणीला नाही म्हणत नाही, पुढं टाकली तर खाते, फक्त कान हलवत नाही. लेकीचे कान हलत नव्हते दाजी.

तिच्या पिशवीत चालू घडामोडींचे पाक्षिक अंक होते. देशात, जगात पंधरा दिवसांत काय झालं ते त्यात सगळं असतं, संस्कृती वेगळी, अर्थकारण वेगळं, विज्ञान वेगळं. म्हटलं, हिचे डोळे बंद आहेत, माझे उघडे आहेत, मी वाचतो, हिनं ऐकावं. आता माझं वाचन कसलं ते तुम्ही जाणता. गावच्या शाळेत आमच्या गुरुजींनी मोठ्यानं वाचायला शिकवलं, आणि शाळा सुटल्यावर आयुष्यभर श्रावणात पोथी वाचली. त्यामुळं मला साधं वाचता येतच नाही. छापील ओळ दिसली की आपोआप सूर लागतो, ओळ संपताना आवाज खाली येतो, आणि महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हटलं जातं. पहिल्या दिवशी ओट्यावर बसून मी 'जूनमध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर कमी केला' हे वाक्य सुरात दोनदा म्हटलं, आणि मान वर करून बघतो तर शेजारची नागूबाई पदर सावरून, हात जोडून समोर बसलेली.

श्रावणाचे दिवस, माझा तो आवाज. तिचं काय चुकलं? मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिच्या मागून बानूबाई आली (ही तुमच्या परंड्याची माहेरवाशीण, तुम्हाला मामा म्हणते ती), आणि तिनं अंकाला हळदकुंकू वाहिलं. मग मला धीर होईना. हळदकुंकू वाहिलेल्या पुस्तकाला ही पोथी नव्हे असं कोणत्या तोंडानं सांगणार? ते कुंकू नेमकं महागाईच्या तक्त्यावर पडलं. त्यातला एक आकडा आजतागायत दिसत नाही, आणि तोच परीक्षेला आला तर तो बानूबाईच्या माथी आहे.

आपल्याकडं पोथीचा रिवाज तुम्हाला सांगायला नको. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. अध्याय संपला आणि नागूबाई म्हणाली, "बब्रुवान, आता अर्थ सांग. ह्यो रेपो कुणाचा कोण?" मला काय ठाऊक? मी घाम पुसत होतो. तेवढ्यात आतून, भिंतीकडून, आवाज आला, "नागूआजी, तुमच्याकडं विरजण नसलं तर कुठून आणता?"

"तुझ्या आईकडून."

"आणि आईकडं नसलं तर?"

"तर थोरल्या वाड्यातून. न्हायतर कुठनं?"

"मग थोरल्या वाड्यानं ठरवलं, की वाटीभर विरजण दिलं तर परत वाटीभर दही आणि वर एक चमचा घ्यायचं. तो चमचा म्हणजे रेपो दर. चमचा लहान केला की सगळ्या गल्लीत ताक स्वस्त."

नागूबाईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मग दोन महिने झाले, ताक अजून का महागच?" यावर आतून हसण्याचा आवाज आला. दाजी, घरी आल्यापासून पहिल्यांदा. दीपमालाची आई चुलीपाशी होती, तिच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली आणि करपली. ती करपलेली भाकरी आम्ही आनंदानं खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून पोर बाहेर ओट्यावर येऊन बसायला लागली. काळा चष्मा लावून अर्थ सांगणारी मुलगी आणि सुरात दर वाचणारा बाप, बायकांची गर्दी वाढली. वाचून झाल्यावर आरती कुणाची म्हणायची यावर थोडा घोळ झाला, शेवटी येडाईची म्हणायचं ठरलं. (हे आईला चालेल का, असं मी मंगळवारी देवळात जाऊन हात जोडून विचारलं. काही कौल आला नाही. पण तीही आई आहे, लेकरू उठून बसलं तर ती कशाला रागावेल, असं धरून चाललो आहे.)

एक प्रसंग मात्र तुमच्या गावामुळं ओढवला. जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले, तो अध्याय होता. बानूबाई पुढं सरकून बसली, परंड्याचं नाव यायची वाट बघत. मी एकेक किल्ला सुरात घेतला. बारावा तमिळनाडूतला निघाला आणि अध्याय संपला.

"पुन्हा वाचा. पान चिकटलं असंल," बानूबाई म्हणाली. पुन्हा वाचले. परंडा नाहीच. "तमिळनाडूचा आला आन् आमचा न्हाय? आमच्या किल्ल्याला काय भोकं पडलीत?" असं म्हणून तिनं प्रसादाला आणलेली साखर वाटीसकट उचलली आणि निघाली. दीपमालानं हाक मारून तिला खाली बसवलं. ही यादी मराठ्यांच्या किल्ल्यांची, परंडा त्याआधीचा, सुलतानांच्या काळातला, आणि विजापूरची ती प्रसिद्ध थोरली तोफ पूर्वी परंड्यावर होती, तिथून ती ओढून नेली, असं सगळं समजावून सांगितलं. बानूबाईचा राग किल्ल्यावरून तोफेवर गेला. साखर वाटीसकट परत आली. जाताना ती दीपमालाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तू सायब झालीस का पहिली आमची तोफ आणायची. बाकीचं राज्य मग चालव." पोर "व्हय काकू" म्हणाली. हे 'व्हय' माझ्या फोनवरच्या 'व्हय'सारखं नव्हतं. तुम्ही परंडेकर आहात, म्हणून तोफेचं मुद्दाम लिहिलं.

शेवटच्या अंकात विज्ञानाचा अध्याय आला. आपला एक माणूस अंतराळ स्थानकावर गेला, तिथं तो प्रयोग करतो आहे, आणि तिथंच अंक संपला. उतरल्याची बातमी पुढच्या अंकात. नागूबाईच्या डोळ्याला पाणी आलं. "लेकराला तिथं कोण जेवाया वाढत असंल? त्याच्या आईला झोप लागत असंल का?" तेव्हापासून ती रोज त्याच्या नावानं एक निरांजन लावते.

काल मी हळूच म्हणालो, की रविवारी पाहुणे येणार आहेत, आता पोथी थांबवू.  नागूबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खाली मान घातली. "पोथी अर्धी टाकून पाहुणे? आन् ते लेकरू अजून वरच हाय की!" दीपमालानं चष्मा काढला (डॉक्टरांनी आता सावलीत काढायला परवानगी दिली आहे), आणि म्हणाली, "आजी, तो खाली येईपर्यंत मी कुठं जात नाही."

दाजी, तिचे कान हलले.

अक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद. जास्त काय लिहिणं, पत्र डोळ्यांआड करू नये.

तुमचा,
बब्रुवान

ता. क. पाहुण्यांना दसऱ्यानंतर या म्हणावं. मुलगा चांगला असेल तर थांबेल. नाही थांबला तर तो तेवढाच चांगला होता असं समजू. हे एवढंच लिहायला बसलो होतो, लांबलं त्याची क्षमा असावी.

दुसरा ता. क. परंड्याच्या बसस्थानकाजवळ पुढचा अंक मिळाला तर गुडघा सांभाळून स्वतः घेऊन यावं. घरी आल्यावर मात्र तो कुणाच्या हाती न देता माझ्याकडं द्यावा. उतरण्याचा अध्याय मी परीक्षेनंतर वाचणार आहे.

तिसरा ता. क. आत्ताच विहिरीवर नागूबाई भेटली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आरं, ते लेकरू कवाच सुखरूप उतरलं. माझ्या लेकीनं फोनवर सांगितलं, लई दिवस झाले. पर पोरीला कळू देऊ नको का मला ठाऊक हाय." पोरीला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, तिनंही मला हेच बजावलं आहे, की आजीला सांगू नका. तेव्हा दाजी, ओट्यावर तुम्हाला कुणीही विचारलं, तर सांगा, अजून वरच आहे.