अस्वलासाठी सूचना

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या वेळी अक्षरशः साष्टांग. कंबर धरली आहे, म्हणून हॉलमध्ये सतरंजीवर पालथा पडून लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं पित्त शमलं का? शमलं नसेल तर हे पत्र त्यांना जेवणानंतर वाचून दाखवू नकोस.

तू फोनवर म्हणाली होतीस, की बाबांना या वयात डोंगरात तंबूत झोपवायला नेणं म्हणजे आ बैल मला मार. ताई, बैल नव्हता. अस्वल होतं. आणि हार त्याची झाली. पण क्रमाने सांगतो, नाहीतर तू इथेच पत्र ठेवून मला फोन करशील आणि माझं ऐकून घेण्याऐवजी मलाच ऐकवशील.

बाबांचं तुला माहीतच आहे. जन्मभर स्टेशनच्या काचेच्या खोलीत बसून ज्यांनी माइकवरून सगळ्या गावाला कुठल्या फलाटावर उभं राहायचं ते सांगितलं, ते आई गेल्यापासून एका 'हं'वर आले होते. चहा हवा का? हं. नको का? हं. दोन्ही 'हं'मधला फरक ओळखायला आम्ही घरात शिकलो होतो. (आमची चिमणी त्यात सगळ्यांत हुशार. तिला तर 'हं, पण साखर कमी' हेसुद्धा कळायचं.) डॉक्टर म्हणाले, घसा ठीक, कान ठीक. मग ही म्हणाली, त्यांना त्यांच्या खोलीतून बाहेर काढा, आणि मी तंबू विकत घेऊन आलो. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना 'लांबचं दिसतं का?' विचारणारा माणूस मी, स्वतः लांब कधी गेलोच नव्हतो. तंबूची रंगीत तालीम हॉलमध्ये केली. तंबू झकास उभा राहिला. जेवणाचं टेबल आत राहिलं ही गोष्ट वेगळी.

प्रवासाचं काय सांगू. फोनमधली बाई 'डावीकडे वळा' म्हणाली, मी वळलो, आणि आमची गाडी थेट एका मेंढपाळाच्या मेंढवाड्यात शिरली. तो भला माणूस. त्याने सवयीने आमच्या मागे फाटक लावून घेतलं. बाहेर पडेपर्यंत चिमणी माझ्या नव्या टोपीत ओकली होती आणि हिने माझ्या हातातून स्टिअरिंग काढून घेतलं होतं. तिथून पुढे आम्ही रस्ता चुकलो नाही. (यावर घरात पुरेशी चर्चा झालेली आहे, तू आणखी भर घालू नकोस.) बाबा खिडकीतून मेंढ्यांकडे बघून 'हं' म्हणाले. कोणी काही विचारलेलं नसताना. मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे बघितलं.

गाडी जिथे संपते तिथून तळ्यापर्यंत चालत जायचं होतं. ही म्हणाली, लोखंडी कढई गाडीतच ठेवा. मी पाठीवर घेतली. माझ्या कंबरेची कहाणी इथे सुरू होते आणि इथेच संपते. बाबा काठी टेकत, हातात चहाची किटली घेऊन पुढे चालले होते, आणि मी मागून कण्हत. वाटेत जे जे लोक भेटले त्यांनी हात बाबांना नाही, मला दिला.

वाटेच्या तोंडाशी वनरक्षक बाईंनी बजावलं होतं, की खाण्याची पिशवी झाडाला उंच टांगा, इकडे अस्वलं आहेत. पिशवी मी टांगली. ही म्हणाली, गाठ सैल आहे. मी म्हणालो, गाठीतलं मला कळतं.

सकाळी उजाडल्यावर मी तंबूतून डोकं बाहेर काढलं तेव्हा पिशवी खाली होती आणि तिच्याशेजारी अस्वल बसलं होतं. मधाची बरणी त्याने दोन पायांत धरली होती, बाळ बाटली धरतं तशी. हे सगळं मी कौतुकाने बघत बसलो असतो, पण चिमणी तळ्यावर तोंड धुवायला गेली होती आणि अस्वल तिच्या नि आमच्या मधे होतं. ती ब्रश तोंडात तसाच धरून उभी. अस्वलाने बरणी खाली ठेवली आणि मान तिच्याकडे वळवली. मी उठायला गेलो तर कंबरेतून कळ आली आणि तंबूच्या चेनमध्ये माझा सदरा अडकला. ही माझ्या अंगावरून बाहेर पडायची धडपड करत होती. ताई, तो क्षण मी विनोदाने सांगू शकत नाही.

बाबा बाहेर दगडावर चहा पीत बसले होते. त्यांनी कप ठेवला. उभे राहिले. डावा हात कानाशी नेला, खोलीत माइकसमोर नेत असत तसा. आणि मग तो आवाज आला. तोच, सावकाश, खणखणीत.

"कृपया इकडे लक्ष द्यावे. तळ्याकाठी थांबलेल्या प्रवाशाने आपले सामान जागीच सोडून मागील बाजूने बाहेर पडावे. मुलीने जागेवरून हलू नये."

समोरच्या कड्यावरून सगळी सूचना परत ऐकू आली. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं, बाबांकडे बघितलं, कड्याकडे बघितलं. बाबांनी नेहमीप्रमाणे सूचना दुसऱ्यांदा दिली. अस्वल पुन्हा चार पायांवर आलं आणि झाडीत निघून गेलं, उशीर झालेल्या माणसासारखं, मागे न बघता. बरणी राहिली.

चिमणी धावत येऊन आजोबांच्या पोटाला बिलगली. तिच्या केसांवरून हात फिरवत बाबा म्हणाले, "तुमची आई असती तर म्हणाली असती, घरात कधी माझ्यासाठी एवढा आवाज काढला नाहीत." आणि हसले. मग मान खाली घालून रडले. हिने त्यांच्या हातात परत चहा दिला. आम्ही तिथेच बसून राहिलो आणि ते आईबद्दल बोलत राहिले, ऊन डोक्यावर येईपर्यंत. आपल्याला माहीत नसलेलं खूप बोलले. भेटीत सांगेन.

तर बैल, गुडघे, वय या तुझ्या सगळ्या मुद्द्यांना माझं हे उत्तर. मोहीम फत्ते. भावोजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबा अजून बोलत आहेत. गेला आठवडाभर थांबलेले नाहीत. भात किती वेळात शिजेल, न्हाणीघर कोणासाठी मोकळं आहे, शेजारच्या काकू कुठून कुठे चालल्या आहेत, सगळं दोनदा. काकूंनी आमच्या बाजूची खिडकी बदलून जाड काचेची करून घेतली. काल ही माझ्यावर चिडली तर मधेच सूचना झाली, की दोन्ही बाजूंनी शांतता राखावी. ताई, थोडे दिवस त्यांना तुझ्याकडे घेऊन जा ना. तुझं घर मोठं आहे.

ता. क. दुसरा. हे पत्र बाबांनी वाचलं. म्हणाले, टपालाने कशाला, मीच नेऊन देतो. बॅग भरली आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा ते समोरच बसलेले असतील. चहा ठेव. साखर कमी, हे ते स्वतःच सांगतील.